पाण्याचं तोंड कुणीकडे

कहकशाँ पिंजारी पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र कापसाच्या खोलीतून शिकवायची. तिच्या वडिलांचा गाद्या-रजया भरायचा धंदा, आणि नंदुरबारच्या त्या गजबजलेल्या घरात शांत अशी ती एकच खोली होती. भिंतीला टेकून कापसाचे गठ्ठे रचलेले असत, त्यामुळे बाहेरचा कसलाही आवाज आत येता येता मरून जाई. तास संपवून ती बाहेर आली की आई, सुरैय्या, आधी तिच्या केसांतला कापूस वेचायची आणि मग चहा द्यायची.

त्या वर्षी कॉलेजं बंद होती. कहकशाँ तळोद्याजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. पहिले दोन महिने ती लॅपटॉपसमोर बसून बोलत राहिली आणि पडद्यावरचे पंचेचाळीस काळे चौकोन ते ऐकत राहिले. खरंच ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. एक दिवस वैतागून तिने मुद्दाम सांगितलं, "सोडियम हा एक वायू आहे." कुणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी दोघांनी ते वाक्य वहीत सुंदर अक्षरात उतरवून फोटो मात्र पाठवला.

त्या रात्री ती जेवली नाही नीट. दुसऱ्या दिवसापासून तिने शिकवायची पद्धतच बदलली. आता सांगायचं काही नाही, फक्त विचारायचं. वर्गाचे तिघा-तिघांचे गट पाडले. प्रत्येक गटाला प्रश्नांचा कागद दिला: आधी काय दिसतं, मग काय बदललं की काय बदलतं, आणि अगदी शेवटी, असं का होतं. गटातल्या एकाने प्रश्न वाचायचे, एकाने फोनवर सिम्युलेशन चालवायचं, एकाने लिहायचं. सिम्युलेशन म्हणजे पडद्यावरचा प्रयोग. एक भांडं, त्यात पाणी, वर मिठाची डबी. बोटाने डबी हलवली की मीठ पडतं, भिंग पुढे ओढलं की पाण्यातले कण दिसायला लागतात. व्हिडिओवर सगळे अडखळत, म्हणून सुरुवातीची पंधरा मिनिटं वर्ग पडद्यावर भरायचा आणि मग गट साध्या फोनकॉलवर एकत्र बोलायचे. कहकशाँ एकेका कॉलमध्ये शिरून ऐकायची. कुणी उत्तर विचारलं तर पुढचा प्रश्न विचारायची.

पहिल्या दिवशी ती घाईत म्हणाली, "चला, आता सगळ्यांनी सिम उघडा." ब्राह्मणपुरीचा नवनीत त्याबरोबर गायब झाला. पाच मिनिटांनी परत आला तो धापा टाकत.

"मॅडम, तुम्ही सांगं व्हतं ना सिम उघाडा, म्हनीसन मी पिन टाकीसन सिम बाहेर काढं. मग रेंजच गई!"

पंचेचाळीस चौकोनांतून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला. कहकशाँला तो इतका गोड वाटला की तिने नवनीतला रागावायचं टाळलं.

हा नवनीत नवव्या गटात होता. त्याच्या जोडीला नंदुरबारचा अकील मन्यार, बांगड्यांच्या दुकानदाराचा मुलगा, आणि मोलगीकडच्या एका पाड्यावरची रिना वसावे. चार-सहा आठवड्यांत नववा गट वर्गात सगळ्यांच्या पुढे गेला. त्यांच्या कागदावरची चित्रं पाहून कहकशाँ थक्क व्हायची. निळ्या पेनाने काढलेले कण, कुठला कुणाला चिकटलाय, कुठला सुटा आहे, बाण कुणाकडून कुणाकडे. पाठ्यपुस्तकातही इतकं नीट नसे. चित्रं नवनीत काढत असावा, असं तिने धरून चाललं होतं, कारण फोटो त्याच्याच फोनवरून यायचे. रिनाचा आवाज तिने एकदाही ऐकला नव्हता. कहकशाँ कॉलमध्ये शिरली की तिकडून फक्त अकील आणि नवनीत बोलत.

पुढे अंतर्गत गुण भरायची वेळ आली. कुणी किती मिनिटं सिम्युलेशन उघडलं याची नोंद कॉलेजच्या पोर्टलवर आपोआप होत असे. रिना वसावे या नावापुढे शून्य होतं. आठही आठवडे शून्य. शिवाय त्याच नोंदीनुसार वर्गात रिनाच्या नावाचा चौकोन अकीलच्या घरच्याच इंटरनेट जोडणीवरून येत होता.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरल्या भरल्या कहकशाँ म्हणाली, "रिना वसावे, माइक सुरू कर."

मग रिनाच्या नावाचा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला.

"अकील, रिना कुठे गेली?"

"मॅडम, तिकडे डोंगरात रेंजचा प्रॉब्लेम आहे."

"रेंज डोंगरात गेली आणि चौकोन तुझ्या घरातून बंद झाला?"

अकीलने उत्तर दिलं नाही. तो एरवी इतका बोलका मुलगा, की त्याच्या गप्प बसण्यानेच कहकशाँची खात्री पटली. तिला वाईट वाटलं ते फसवणुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं. आपण मोठ्या हौसेने मांडलेल्या या खेळातही मुलांनी हजेरी लावायची पळवाट शोधलीच, असं तिला वाटलं. तिने रिनाच्या गटकार्याच्या रकान्यात शून्य भरलं आणि लॅपटॉप मिटला.

पण संध्याकाळभर ते तिच्या डोक्यातून जाईना. न विचारता शून्य देणारी बाई आपल्याला कॉलेजात असताना मुळीच आवडली नसती, हे तिला ठाऊक होतं. सकाळी प्रवेश अर्जावरचा नंबर काढून तिने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका पुरुषाने उचलला. मागे शेळ्या ओरडत होत्या.

"कोण बोलते?"

"मी रिनाच्या कॉलेजमधून बोलतेय. रसायनशास्त्राची मॅडम."

"हां हां!" तिकडचा आवाज एकदम मोठा झाला. "उत्तर नाही सांगत ती मॅडम?"

"हो," ती म्हणाली, "तीच."

"मी जामसिंग. रिनाचा बाप. ती पाण्याला गेली. आज फोन माझ्याकडे. मंगळवार आणि शुक्रवार तुमचा तास, म्हणून फोन तिचा, बाकी दिवस माझा. मंगळवारी मला कोणी फोन केला तर मी बोलत नाही, सांगून ठेवलंय सगळ्यांना."

"जामसिंगभाऊ, एक विचारू? रिना त्या फोनवर सिम्युलेशन, म्हणजे ती चित्रं, बघते का?"

"चित्रं?" जामसिंग हसला. "बटणांचा फोन आहे मॅडम. त्यात चित्रं कुठून येणार? ती टेकडीवर जाऊन बसते, कानाला लावते, आणि वहीत काढते. ती दोन पोरं सांगतात तिला. तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"मग मी सांगायला नको होतं काय?"

"बरं केलंत सांगितलं," कहकशाँ म्हणाली. "रिनाला मी फोन केला होता असं सांगू नका इतक्यात. घाबरेल."

शुक्रवारी गटांचे कॉल सुरू झाले. कॉल जोडायचं काम अकीलकडे असायचं. कहकशाँने त्याला आधी एकट्याला फोन केला.

"मला तुमच्या कॉलमध्ये घे. आणि मी आहे हे सांगू नकोस."

"मॅडम, तिला काढणार का तुम्ही?" अकील कुजबुजत म्हणाला. "अर्जात 'स्मार्टफोन आहे का' असं विचारलं होतं. तिने भीतीने 'हो' लिहून टाकलं. नाही लिहिलं तर प्रवेश मिळणार नाही असं वाटलं तिला. म्हणून वर्गात मी अम्मीच्या फोनवरून तिच्या नावाने येतो, स्वतः अब्बांच्या फोनवरून, आणि या फोनवरून तिला कॉल लावून तो त्यांच्यापाशी धरतो, म्हणजे तिला ऐकू जातं. चूक माझी आहे. तिने नाही सांगितलं तसं करायला. पण चित्रं सगळी तिचीच आहेत, ती फोनवर एकेक रेघ सांगते आणि नवनीत तशीच काढून फोटो पाठवतो."

"घे मला कॉलमध्ये," कहकशाँ म्हणाली.

कापसाच्या खोलीत ती गठ्ठ्याला पाठ टेकून बसली, स्वतःचा माइक बंद केला आणि फोन कानाला लावला. त्या दिवसाचा प्रश्न होता, मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा पाणी नेमकं काय करतं. नवनीतने प्रश्न वाचला. मग एका मुलीचा आवाज आला. बारीक, पण अजिबात न अडखळणारा.

"मीठ टाकलं का?"

"टाकलं," अकील म्हणाला. "एक दाणा. आता तो तुटतोय. जांभळे वेगळे, हिरवे वेगळे. पाणी येऊन त्यांना घेरतंय."

"जांभळे म्हणजे सोडियम, अधिकवाले. हिरवे क्लोराइड, उणेवाले. बरोबर?"

"बरोबर."

"पाणी कसं दिसतं ते परत सांग."

"एक मोठा लाल गोळा, आणि त्याला दोन छोटे पांढरे. जसं काही डोकं आणि दोन कान."

"मग ते पाणी जांभळ्याभोवती कसं उभं आहे?"

"कसं म्हणजे? गोल करून."

"ते नाही. तोंड कुणीकडे?"

"कुणाचं तोंड?"

"पाण्याचं. लाल तोंड जांभळ्याकडे आहे का पाठीमागे? आणि कान कुठे?"

मग नवनीत म्हणाला, "थांब, माले देखू दे." आणखी थोडा वेळ गेला. "अरे! हाई तर मी देखंच नव्हतं! अकील, भिंग जवळ घे. जांभळ्याजवळ सगळ्यांचं लाल तोंड आत शे. कान बाहेर."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. एक बी उलटं नाही."

"आणि हिरव्याजवळ?"

"हिरव्याजवळ..." आता अकील ओरडलाच, "हिरव्याजवळ उलटं आहे! तिथे कान आत आहेत. एकेक कान लावून बसलंय पाणी, जसं काही ऐकतंय त्याचं."

टेकडीवरून पेनाचा आवाज येणं शक्य नव्हतं, पण कहकशाँला वाटलं की तो येतोय. रिना काढत होती. मग ती सावकाश म्हणाली, "जांभळा अधिक आहे. लाल तोंड त्याच्याकडे जातं. म्हणजे लाल बाजू थोडी उणी असणार. आणि कान थोडे अधिक. पाण्याच्या कणाला दोन बाजू आहेत. आपण आजपर्यंत त्याला एकच समजत होतो."

"पुस्तकात असं काही आहे का?" नवनीतने विचारलं.

"माझ्याकडे पुस्तक नाही. तू बघ."

कहकशाँने एम.एस्सी. केलं होतं. पाण्याच्या ध्रुवीयतेवर तिने परीक्षेत चार चार पानं लिहिली होती. पण हे सिम्युलेशन शंभर वेळा चालवूनही पाण्याचं तोंड कुणीकडे आहे हे तिने स्वतःहून कधी पाहिलं नव्हतं. ते आधीच माहीत होतं, म्हणून बघायची गरजच पडली नव्हती. आणि ही मुलं बघत होती, कारण तिसरीला दिसत नव्हतं. तिला सांगायचं तर यांना नीट बघणं भाग होतं.

तिने माइक सुरू केला.

"मी मॅडम बोलतेय."

पलीकडे नवनीतच्या हातून काहीतरी खाली पडलं.

"रिना, फोन ठेवू नकोस. मी सगळं ऐकलं. तुझ्या नावापुढे मी शून्य भरलं होतं. तुला न विचारता. ती माझी चूक झाली. ते आज खोडते."

तिकडून नुसता वारा ऐकू येत होता.

"रिना?"

"मॅडम, मी अर्जात खोटं लिहिलं."

"ते आपण कॉलेजला मिळून सांगू. मी येते तुझ्या बाजूने. मला आधी एक सांग. तोंड कुणीकडे, हा प्रश्न तुला सुचला कसा? कागदावर तर नव्हता तो."

रिना म्हणाली, "आमच्या शेळ्या थंडीत एकत्र बसतात. त्या नुसत्या गोळा होत नाहीत. वारा येतो तिकडे सगळ्या पाठ करतात. तोंडं बघितली की वारा कुठून येतो ते समजतं. मला वाटलं, पाणी पण कोणाभोवती जमलंय तर त्याचं तोंड कुठेतरी असेल."

कहकशाँने डोळे पुसले. बरं झालं, साधा कॉल होता.

"मॅडम," नवनीतने संधी साधली, "मग आमचं उत्तर बरोबर आहे ना?"

तिच्या तोंडावर 'हो' आलं होतं. ती म्हणाली, "पुढचा प्रश्न वाच."

"या अल्लाह," अकील म्हणाला, आणि टेकडीवर रिना खळखळून हसली. ते हसणं कहकशाँने पहिल्यांदाच ऐकलं.

ती खोलीबाहेर आली तेव्हा सुरैय्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "पढा रही है या पहेलियां बुझा रही है? रो क्यों रही?"

"कापूस गेला डोळ्यात," कहकशाँ म्हणाली.

कॉलेजने अर्जाची बाब फारशी ताणली नाही. प्राचार्यांनी कहकशाँचं म्हणणं ऐकून घेतलं, रिनाकडून एक साधं पत्र मागवलं आणि विषय संपवला. अकीललाही दुसऱ्याच्या नावाने वर्गात बसल्याबद्दल पत्र लिहावं लागलं. त्याने ते दीड पानी लिहिलं, आणि त्यात रिनाची तारीफ इतकी होती की माफी शोधावी लागत होती.

कहकशाँने मात्र वर्गात एक नवा नियम आणला. प्रत्येक गटात दर आठवड्याला एकाने फोन पालथा ठेवायचा. त्याने सिम्युलेशन बघायचं नाही, फक्त विचारायचं आणि काढायचं. पहिल्या दिवशी मुलांनी कुरकुर केली. दुसऱ्या आठवड्यात तिने कॉलमागून कॉल ऐकले आणि प्रत्येक ठिकाणी भांडण चाललं होतं. "अरे, डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" "हलतंय म्हणजे कसं हलतंय, थरथरतंय का पळतंय?" सोडियमला वायू म्हणून लिहून घेणाऱ्या दोघांपैकी एक मुलगा आता आपल्या गटातल्या मुलीला ओरडून सांगत होता की तू नीट बघत नाहीयेस.

दिवाळीच्या आधी कॉलेज उघडलं. प्रात्यक्षिकांसाठी सगळ्यांना बोलावलं होतं. रिना मोलगीहून पहाटेच्या जीपने वडिलांबरोबर आली. फाटकापाशी पन्नासेक मुलं उभी होती, तोंडाला मास्क, आणि नववा गट एकमेकांना ओळखत नव्हता. सत्रभर आठवड्यातून दोनदा बोललेल्या या तिघांनी एकमेकांचे चेहरे पाहिलेच नव्हते.

कहकशाँ व्हरांड्यातून बघत होती. एक बुटका मुलगा चहावाल्याशी हुज्जत घालत होता. फाटकाजवळ उभी असलेली एक सावळी, किडकिडीत मुलगी एकदम वळली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अकील?"

तो बघतच राहिला. "रिना? मला वाटलं तू उंच असशील!"

"मला वाटलं तू असशील."

नवनीत सहा फुटी निघाला. त्या देहातून त्याचा फोनवरचाच बारीक आवाज आला तेव्हा हसू लपवायला रिनाने ओढणी तोंडाला लावली. जामसिंगने दोन्ही पोरांना जवळ बोलावून नीट न्याहाळलं, मग पिशवीतून कागदात बांधलेल्या भाजलेल्या शेंगा काढून त्यांच्या हातात दिल्या.

प्रात्यक्षिकाच्या आधी कहकशाँ रिनाला संगणकाच्या खोलीत घेऊन गेली. अकील, नवनीत मागोमाग आलेच. तिने मिठाचं सिम्युलेशन मोठ्या पडद्यावर लावलं आणि माऊस रिनाच्या हाती दिला. रिनाने मीठ टाकलं. भिंग पुढे ओढलं. जांभळे, हिरवे, लाल तोंडं, पांढरे कान. ती खूप वेळ बघत राहिली. दोन्ही मुलं तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, जणू ते सगळं त्यांनीच बनवलं होतं.

"कसं आहे?" अकीलला राहवेना.

"चांगलं आहे," रिना म्हणाली. मग तिने कपाळाला आठी घातली. "पण मॅडम, हे चूक आहे ना?"

"काय चूक आहे?"

"पाणी इतकं थोडं? मधे मधे सगळी मोकळी जागा दिसते. पाणी असं असेल तर ते वाफेसारखं होईल. खरं पाणी एकमेकाला घासून असणार. मी वहीत पान भरून काढायची. यांनी मला मोकळी जागा सांगितलीच नाही."

नवनीत म्हणाला, "आम्हाला वाटलं ती अशीच असते."

कहकशाँ पडद्याकडे वाकली. मुलगी बरोबर बोलत होती. बनवणाऱ्यांनी कण स्पष्ट दिसावेत म्हणून पाणी कमी दाखवलं होतं, हे तिला माहीत होतं, आणि ते मुलांना सांगावं असं तिला कधी सुचलं नव्हतं.

"मग आता काय करायचं?" तिने विचारलं.

"ज्यांनी बनवलं त्यांना सांगायला हवं," रिना म्हणाली.

प्रयोगशाळेत त्या दिवशी मिठाच्या पाण्यात तारा बुडवून बल्ब लावायचा होता. नवव्या गटाचा बल्ब पहिल्या झटक्यात लागला आणि त्यांनी साखरेचं पाणी, चहा, शेवटी अकीलच्या बाटलीतलं लिंबू सरबतही तपासलं. पण त्यांचं अर्धं लक्ष सिम्युलेशन बनवणाऱ्यांना लिहायच्या पत्राकडे होतं. प्रात्यक्षिक संपल्यावर तिघं पायरीवर बसली. ईमेल इंग्रजीत लिहायची होती. आधी मराठीत मजकूर ठरवायचा, मग अकीलने इंग्रजी करायचं, असं ठरलं. पहिल्या ओळीवरच पाऊण तास गेला. नवनीतचं म्हणणं, सुरुवातीला त्यांचे आभार मानावेत. अकीलचं म्हणणं, आधी चूक सांगावी, आभार मागून. रिना म्हणाली, चूक म्हणू नये, आधी विचारावं की असं का दाखवलं.

कहकशाँ शेजारी उभी होती. तिला कुणीच काही विचारत नव्हतं.

"रिना!" फाटकातून जामसिंगची हाक आली. "जीप निघाली!"

मोलगीची शेवटची जीप खच्चून भरलेली होती. रिना वही घेऊन धावली, मागच्या फळीवर वडिलांच्या शेजारी कशीबशी टेकली. जीप हलली. नवनीत हातातल्या कागदावरचं वाक्य मोठ्याने वाचत मागे धावत होता, "'तुमच्या चित्रात पाणी कमी दाखवलं आहे', असं ठेवू ना?"

"कमी नको!" रिना ओरडली. एका हाताने ती जीपची कांबी धरून होती, दुसऱ्याने ओढणी. "कमी म्हणजे भांडं रिकामं वाटेल! विरळ लिही, विरळ!"

"विरळला इंग्रजीत काय म्हणतात?" अकील ओरडला.

जीप वळणापलीकडे गेली होती. नवनीत रस्त्यात थांबला, कागद गुडघ्यावर ठेवून त्याने एक शब्द खोडला आणि नवा लिहिला. मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आणि तिथूनच दोघांनी एकदम मान वळवून कहकशाँकडे पाहिलं.

"मॅडम," पायरीपाशी परत येत अकील अगदी लाडात आला, "हे तरी सांगा."

कहकशाँने नवनीतच्या हातातला कागद घेतला, पेन मागितलं आणि पायरीवर त्यांच्यात बसली.